सर्जनशील लेखन : पदव्युत्तर शिक्षण (ठाणे व नवी मुंबई)

कथा, कविता, नाटक अशा स्वतःच्या लेखनालाच अभ्यासाचा व परीक्षेचा विषय मानणारे, बहुधा इंग्रजी विभागाच्या आश्रयाने चालणारे एम. ए. किंवा एम. एफ. ए. (ललित कलांतील पदव्युत्तर पदवी) पातळीचे शिक्षण.

मराठी संज्ञेचा घोळ अजून मिटलेला नाही. संस्कृत ‘सृज्’ धातूला ‘अन’ प्रत्यय लागताना ऋकाराचा गुण होऊन ‘सर्जन’ हे रूप सिद्ध होते. ‘सृजन’ हे हिंदीच्या वळणाने रुळले असावे. प्रस्तुत नोंदीत पहिले रूप स्वीकारले आहे. विसर्जनाला कोणी ‘विसृजन’ म्हणत नाही.

उगमाविषयी एकमत नाही. ‘क्रिएटिव्ह रायटिंग’ हा इंग्रजी जोडशब्द अमेरिकन निबंधकार एमर्सनच्या १८३७ मधील भाषणात आढळतो, पण तेथे तो ‘सर्जनशील वाचना’च्या जोडीने येतो आणि त्याला अभ्यासविषयाचा अर्थ नाही, तेवढ्यावरून विषयाचा आरंभ इतका मागे नेणे ओढूनताणून वाटते. हार्वर्ड येथे बॅरेट वेंडेल यांनी १८८० च्या दशकात चालविलेले निबंधलेखनाचे वर्ग, किंवा १९२० च्या दशकात ह्यूज मर्न्स यांनी न्यूयॉर्कच्या लिंकन स्कूलमध्ये मुलांवर केलेले प्रयोग, असेही आरंभबिंदू सुचविले जातात. पदवीपुरते पाहता अमेरिकेतील आयोवा विद्यापीठ महत्त्वाचे. प्रबंधाच्या जागी साहित्यकृती स्वीकारण्याचे तेथे १९२२ मध्ये ठरले आणि लेखन-कार्यशाळा १९३६ मध्ये सुरू झाली. दुसरे वर्ष अधिक प्रसिद्ध असले, तरी तत्त्व १९२२ मध्येच मान्य झाले होते. ब्रिटनमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात असा एम. ए. १९७० मध्ये सुरू झाला.

संस्कृतातील कविशिक्षेला, म्हणजे कवी घडविण्याच्या शास्त्राला, या विषयाचे पूर्वरूप मानावे काय, हा वेगळा वाद. राजशेखराची काव्यमीमांसा (साधारणतः दहाव्या शतकाचा आरंभ) कवीची दिनचर्याही सांगते. क्षेमेंद्राचे कविकंठाभरण (अकरावे शतक) शिष्यांची तीन प्रकारांत विभागणी करते : थोड्या प्रयत्नाने साध्य, कष्टाने साध्य आणि असाध्य. जात्याच दगडासारखा, व्याकरणाने नासलेला किंवा तर्काने पोळलेला तो असाध्य. गाढवाला शिकवले म्हणून ते गात नाही, असे क्षेमेंद्र बजावतो. प्रवेशपरीक्षा घेणाऱ्यांनी हा भाग वाचण्याजोगा आहे.

ठाणे व नवी मुंबई ही शहरे मुंबई विद्यापीठाच्या (स्थापना १८५७) क्षेत्रात येतात. इंग्रजीचा एम. ए. दोन वर्षांचा, चार सत्रांचा असून त्याचा भर समीक्षा व साहित्येतिहासावर असतो. विद्यापीठाचा इंग्रजी विभाग कालिन्याला आहे. ठाण्याचा विद्यार्थी मध्य मार्गाने, वाशी-नेरुळचा हार्बरने कुर्ल्याला उतरतो आणि पुढे बस किंवा रिक्षा धरतो. भालचंद्र नेमाडे याच विद्यापीठाचे इंग्रजीचे एम. ए.; कथाकार विलास सारंग या विभागाचे प्रमुख होते. दोघांचेही मराठी लेखन अभ्यासक्रमाबाहेर घडले. इग्नूची इंग्रजी सर्जनशील लेखनाची पदविका दूरशिक्षणाने घरबसल्या करता येते, मात्र ती पदव्युत्तर नव्हे. ठाण्यात वाचनासाठी मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आहे.

कार्यशाळेची रीत सगळीकडे जवळपास सारखीच. कथेच्या प्रती आधी वाटल्या जातात, वर्गात इतर जण बोलतात आणि लेखकाने तोवर गप्प बसायचे असते. आपल्याकडच्या इंग्रजी कथांत चर्चा हटकून अडते ती संबोधनांपाशी. ठाण्याच्या नौपाड्यातल्या स्वयंपाकघरात आई ओट्यापासून ‘अहो, दूध उतू गेलं’ म्हणून हाक मारते. ‘अहो’ तसेच ठेवले, तर परक्या वाचकाला ते नवऱ्याचे नाव वाटते. नवऱ्याचे नाव घातले, तर ते तोंडाने न घेणारी बाई कथेतून जाते. शब्दच गाळला, तर उरते फक्त उतू गेलेले दूध.