चेहरा तेवढाच राहिला, किनारा मात्र मागे गेला

जॉज बघितलाय ना? 1975 चा, स्पीलबर्गचा, शार्कवाला. त्यातला माझा सगळ्यात आवडता शॉट जेमतेम काही सेकंदांचा आहे आणि त्यात शार्क दिसतच नाही.

गावचा पोलीसप्रमुख ब्रॉडी बीचवर खुर्ची टाकून बसलाय. पाण्यात शार्क आहे असं त्याला मनातून पटलेलं आहे, पण उन्हाळ्याचा धंदा बुडेल म्हणून गावाला बीच बंद करायचा नाहीये, आणि हा माणूस त्या दबावापुढे गप्प बसलाय. नजर मात्र सारखी पाण्यावर. समोरून पोहायच्या कपड्यातले लोक ये-जा करतायत आणि कोणी आडवं गेलं की त्याच क्षणी शॉट कट होतो, ती व्यक्ती बाजूला झाली की आपण ब्रॉडीच्या आणखी जवळ आलेलो असतो. म्हणजे घटना घडायच्या आधीच दिग्दर्शकाने आपल्याला हळूहळू त्या माणसाच्या पुढ्यात नेऊन बसवलंय. मग पाण्यात एक लहान मुलगा ओढला जातो, पाणी लाल होतं, आणि ब्रॉडीचा चेहरा. चेहरा फ्रेममध्ये होता तेवढाच राहतो पण त्याच्या मागचं सगळं, बीच, माणसं, एकदम पसरत पसरत लांब जातं. एक शब्द बोलायची गरज पडत नाही. या माणसाचं आयुष्य आता आधीसारखं राहणार नाही हे आपल्याला पोटात कळतं.

याला डॉली झूम म्हणतात. डॉली म्हणजे कॅमेरा ठेवून ढकलायची गाडी, आपल्याकडे सेटवर सरळ ट्रॉलीच म्हणतात. करायचं काय, तर ट्रॉली माणसाच्या दिशेने पुढे ढकलायची आणि त्याच वेळी लेन्स झूम आउट करायची. पुढे गेल्यामुळे चेहरा जेवढा मोठा व्हायला हवा, तेवढाच झूम आउटने लहान होतो, हिशोब शून्य. मागच्या वस्तूंचा हिशोब मात्र जुळत नाही आणि सगळी जादू त्या न जुळण्यातच आहे.

आकडे घालून बघू, सोपं आहे. फ्रेममध्ये वस्तू किती मोठी दिसणार हे ढोबळमानाने लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीमधला आकडा, झूम आउट केलं की तो कमी होतो) भागिले वस्तूचं अंतर यावर ठरतं. समजा चेहरा कॅमेऱ्यापासून 4 मीटरवर आहे, लेन्स 100 मिमीची आहे, आणि चेहऱ्याच्या मागे 10 मीटरवर एक झाड आहे. चेहऱ्यासाठी 100 भागिले 4, म्हणजे 25. झाड कॅमेऱ्यापासून 14 मीटरवर, म्हणून 100 भागिले 14, साधारण 7.1. आता कॅमेरा चेहऱ्यापासून 1 मीटरवर आणला आणि लेन्स 25 मिमी केली तर चेहऱ्याचं उत्तर परत 25 च येतं, जराही फरक नाही. पण झाड आता 11 मीटरवर, 25 भागिले 11 म्हणजे 2.3. झाड आधीच्या एक तृतीयांशापेक्षाही लहान झालं! झाड जागचं हललं नाही, माणूस हलला नाही, तरी दोघांमधलं अंतर ताणल्यासारखं दिसतं.

आणि चेहराही अगदी पूर्ण तसाच राहत नाही. नाकाचा शेंडा आणि कान यांच्यात साधारण 10 सेंमी अंतर धरलं तर 4 मीटरवरून नाक कानाच्या तुलनेत अडीच टक्के मोठं दिसतं आणि 1 मीटरवरून 10 टक्के. मुद्दाम बघितल्याशिवाय हे लक्षात येत नाही, पण चेहरा जरासा फुगतो, आणि मला वाटतं त्या शॉटमधल्या अस्वस्थपणात याचाही वाटा आहे.

पण यात गरगरायला का होतं? आपण चालत एखाद्याच्या जवळ जातो तेव्हा डोळ्याच्या पडद्यावर त्याची प्रतिमा मोठी होत जाते, 10 मीटरवरून 5 वर आलो की जवळपास दुप्पट, तरी तो माणूस फुगतोय असं आपल्याला कधी वाटत नाही कारण मेंदू आकार आणि अंतर यांचा हिशोब एकत्र लावतो आणि लहानपणापासून लावत आलाय. डॉली झूममध्ये हा हिशोब मोडतो. जवळ गेल्याच्या खुणा दिसतात पण चेहरा मोठा होत नाही आणि मागचं जग तर उलटं लहान होतं. आपल्या डोळ्यात फोकस बदलायची सोय आहे, झूमची नाही, त्यामुळे असं दृश्य मेंदूने खऱ्या आयुष्यात कधी बघितलेलंच नसतं. त्यात कानाचा भाग. दादरला आपली लोकल उभी असताना शेजारची सुटली की क्षणभर आपणच निघालो असं वाटतं, ते डोळ्यांनी दिलेलं हलण्याचं भान असतं, आणि आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मात्र सांगत असते की आपण जागेवरच आहोत. डॉली झूम बघतानाही डोळे आणि कान यांची अशीच ओढाताण होते. थिएटरमध्ये नजरेचा मोठा भाग पडद्याने व्यापलेला असतो म्हणून हे भान तिथे जास्त तीव्र असतं, मोबाइलवर तोच शॉट अर्धाही लागत नाही.

ही युक्ती पहिल्यांदा गाजली ती 1958 च्या व्हर्टिगोमध्ये. उंचीची भीती असलेला नायक घंटाघराच्या जिन्यातून खाली बघतो आणि जिना खोल खोल होत जातो. सिनेमाचा दिग्दर्शक हिचकॉकने मुलाखतीत सांगितलंय की लंडनच्या अल्बर्ट हॉलमधल्या एका पार्टीत खूप दारू प्यायल्यावर त्याला सगळं आपल्यापासून लांब जातंय असं वाटलं होतं, ते त्याला पडद्यावर आणायचं होतं. 1940 च्या रिबेकासाठी प्रयत्न झाला पण जमलं नाही, मग अनेक वर्षं ते डोक्यात राहिलं. व्हर्टिगोच्या वेळी खऱ्या जिन्यावर कॅमेरा वरखाली करायचा खर्च 50,000 डॉलर सांगितला गेला, तेव्हा हिचकॉक म्हणाला की जिन्यात माणूस दाखवायचाच नाहीये तर छोटी प्रतिकृती करून आडवी टाका, आणि 19,000 मध्ये काम झालं. प्रत्यक्ष शॉट जमवला इर्मिन रॉबर्ट्स या कॅमेरामनने आणि सिनेमाच्या नामावळीत त्याचं नाव नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

उलट्या दिशेनेही करतात. 1990 च्या गुडफेलाजमध्ये दोन मित्र हॉटेलात खिडकीपाशी बसलेत, आणि बोलता बोलता एकाला कळतं की समोरचा आपल्याला मारणार आहे. इथे सगळं इतकं सावकाश होतं की पहिल्यांदा बघताना कळतही नाही, फक्त खिडकीबाहेरचा रस्ता हळूहळू जवळ जवळ येत राहतो.

अशा क्षणांसाठी दुसरं नेहमीचं हत्यार म्हणजे स्लो मोशन. सेकंदाला 120 फ्रेम शूट करायच्या आणि 24 ने दाखवायच्या, वेळ पाचपट ताणली जाते. जिवावरच्या प्रसंगात खरंच वेळ हळू होते का, हे 2007 च्या एका प्रयोगात तपासलं होतं. लोकांना 31 मीटर उंचीवरून खालच्या जाळ्यात पाठीवर पडू दिलं. आपलं पडणं त्यांना दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा सरासरी 36 टक्के लांब वाटलं, पण मनगटावर भरभर बदलणारे आकडे मात्र त्यांना नेहमीपेक्षा जास्त नीट वाचता आले नाहीत. म्हणजे त्या क्षणी डोळे काही जास्त फ्रेम टिपत नाहीत. संशोधकांच्या मते भीतीत आठवण दाट साठते आणि म्हणून नंतर तो वेळ लांब वाटतो. हे वाचल्यापासून मला स्लो मोशन हे आठवणीचं चित्र वाटतं, डॉली झूम मात्र त्याच क्षणाचं.

आणि मग आपला फँड्री, 2013 चा. शेवटी जब्या, त्यातला शाळकरी नायक, दगड उचलतो आणि थेट कॅमेऱ्याच्या दिशेने भिरकावतो, पडदा काळा. ट्रॉली नाही, झूमची करामत नाही. पण आपल्याकडे वेगाने मोठी होत येणारी आकृती दिसली की अंग चोरायचं ही सवय प्राणिमात्रात फार जुनी आहे, काही आठवड्यांचं बाळसुद्धा अशा वेळी पापण्या मिटतं. टोळाच्या डोळ्यामागे तर यासाठी एक खास चेतापेशी असते, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी टोळांना स्टार वॉर्समधली दृश्यं दाखवून तिचे संदेश मोजले होते, समोर येणाऱ्या गोष्टीला ती पेशी ठणकावून उत्तर देते. पावणेदोन तास आपण जब्याकडे बघत असतो, कधी कळवळून कधी हसून, पण लांबून, सुरक्षित. शेवटच्या सेकंदाला तो आपल्याकडे बघतो. मी थिएटरमध्ये होतो, माझं डोकं आपोआप मागे गेलं, शेजारच्या काकांचंही गेलं, आणि दिवे लागले तरी आमच्या रांगेतलं कोणी लगेच उठलं नाही.