नाट्यछायाचित्रण

नाट्यछायाचित्रण : नाटक, नृत्य, गायन यांसारख्या प्रयोगरूप कलांचे, प्रयोग चालू असताना आणि रंगमंचावरच्याच उजेडात केलेले छायाचित्रण. इथे नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, नटांच्या हालचाली हे सगळे आधीच दुसऱ्यांनी बसवलेले असते. छायाचित्रकाराच्या हाती फक्त उभे राहण्याची जागा आणि कळ दाबण्याचा क्षण उरतो. प्रयोग संपला की त्याचा दृश्य पुरावा बऱ्याचदा ही छायाचित्रेच असतात, म्हणून हे काम प्रसिद्धीपुरते मानणे मोठी चूक आहे.

जुनी ‘नाटकाची’ छायाचित्रे पाहताना मात्र सावध राहावे लागते. १८५१ साली आलेल्या ओल्या काचेच्या प्रक्रियेत (काचेवरचा रसायनाचा थर ओला असतानाच चित्र घेण्याच्या पद्धतीत) माणसाला काही सेकंद निश्चल राहावे लागे, आणि गॅसबत्तीच्या उजेडात रंगमंचावरचे दृश्य काचेवर उमटणे अवघड होते. त्यामुळे नट वेष करून स्टुडिओत जात. पॅरिसमध्ये छायाचित्रकार नादार यांनी, तर न्यूयॉर्कमध्ये छायाचित्रकार नेपोलियन सरोनी यांनी फ्रेंच नटी सारा बर्नहार्टची छायाचित्रे काढली ती अशीच. सरोनींनी काढलेल्या लेखक ऑस्कर वाइल्डच्या छायाचित्रावरून खटला झाला आणि १८८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने छायाचित्रालाही स्वामित्वहक्क मिळू शकतो, असा निकाल दिला. बसण्याची ढब, वेष, पडदा, प्रकाश यांची रचना छायाचित्रकाराने स्वतः केली होती, हे त्या निकालात महत्त्वाचे ठरले. प्रयोगात छायाचित्रे घेणाऱ्याला नेमके हेच स्वातंत्र्य नसते.

आपल्याकडे बालगंधर्वांची उदाहरणे घ्यावीत. ‘मानापमान’ (१९११), ‘स्वयंवर’ (१९१६), ‘एकच प्याला’ (१९१९) या नाटकांतील त्यांच्या स्त्रीभूमिका आज आपण छायाचित्रांतूनच ओळखतो. पण त्यांतली गाजलेली चित्रे स्टुडिओतली आहेत. मागचा रंगवलेला पडदा, खालचा गालिचा, एका बाजूने येणारा मऊ उजेड या खुणा नीट पाहिल्या की ते कळते. शालू कसा नेसत, दागिने कोणते, केशरचना कशी, याचा तो उत्तम पुरावा आहे. ‘मानापमान’ची नायिका भामिनी रंगमंचावर कशी चालत होती, हे मात्र त्यांतून कळत नाही. अभिनयाच्या इतिहासात या चित्रांवरून निष्कर्ष काढले जातात, ते तपासून घ्यायला हवेत.

१९२४ चा एर्मानॉक्स आणि १९२५ चा लायका हे छोटे कॅमेरे आले, भिंगे मोठ्या छिद्राची झाली आणि प्रयोगातला क्षण पकडता येऊ लागला. तरीही जुनी रीत लगेच गेली नाही. लंडनचे छायाचित्रकार अँगस मॅकबीन कितीतरी वर्षे खास फोटोसाठी नटांना उभे करून, प्रकाश नव्याने लावून चित्रे घेत. याउलट रूथ बेर्लाऊ यांनी जर्मन नाटककार ब्रेश्टच्या ‘अँटिगनी’ची (खूर, स्वित्झर्लंड, १९४८) केलेली छायाचित्रे पुढच्या दिग्दर्शकांसाठी नोंद म्हणून होती : कोण कुठे उभा, कोणाकडे पाठ, हातात काय. माझ्या मते नाट्यछायाचित्रणाचे सर्वांत जबाबदार रूप हेच आहे.

तंत्राची मुख्य अडचण उजेडाची. काळा पडदा आणि त्यावर एकाच नटाच्या चेहऱ्यावर पडलेला स्पॉट असेल, तर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मापक सगळ्या काळोखाची सरासरी काढतो आणि चेहरा पांढराफटक होतो. म्हणून चेहऱ्यापुरते मापन करतात किंवा उद्भासन (एक्स्पोजर) हाताने ठरवतात. जुन्या हॅलोजन दिव्यांचा रंग पिवळसर, म्हणजे रंगतापमानाच्या मापात ३२०० केल्विनच्या आसपास असतो. तो ‘दुरुस्त’ करून पांढरा केला, तर प्रकाशयोजनाकाराने मांडलेली संध्याकाळ पुसली जाते. एलईडी दिवे अतिवेगाने उघडझाप करत असल्याने चित्रावर आडवे पट्टे उमटू शकतात. आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर हा दोष जास्त दिसतो. फ्लॅश वर्ज्यच. नटाच्या डोळ्यांवर तिरीप येते आणि नेपथ्य सपाट दिसते. फिल्मच्या काळात, १९५४ पासून ३५ मिमीमध्ये मिळू लागलेली कोडॅकची ट्राय-एक्स ही कृष्णधवल फिल्म रसायनात जादा वेळ धुऊन तिची संवेदनक्षमता वाढवत. चित्र दाणेदार होई, पण मिळे.

यापेक्षा अवघड आहे ते नाटक जाणणे. टाळीच्या वाक्यावर कळ दाबली तर तोंड उघडे राहिलेला नट मिळतो. खरा भाव बहुधा वाक्य संपल्यानंतरच्या थांब्यात असतो. म्हणून रंगीत तालमीला एकदा नुसते बसून पाहावे आणि मग कॅमेरा उचलावा. जागाही नाटकच ठरवते. ‘घाशीराम कोतवाल’मधली (१९७२) रांगेत उभ्या नटांची डुलणारी ‘माणसांची भिंत’ पहिल्या रांगेतून चेहऱ्यांची दिसते आणि बाल्कनीतून तिची आकृती कळते, दोन्ही चित्रे लागतातच. दशावतारात, देवळासमोर रात्रभर चालणाऱ्या नाटकात, प्रेक्षक आणि राजा एकाच उजेडात असतात, तेव्हा प्रेक्षकांना चौकटीबाहेर ठेवले तर दशावतार अर्धाच राहतो.

मराठीत मोहन वाघ हे या क्षेत्रातले मोठे नाव. ‘चंद्रलेखा’ ही नाट्यसंस्था चालवताना त्यांनी नेपथ्य आणि प्रकाशयोजनाही केली, त्यामुळे रंगमंचाचा उजेड त्यांना दोन्ही बाजूंनी ठाऊक होता. शास्त्रीय संगीताच्या मैफलींत हेच काम पुण्याच्या सतीश पाकणीकरांनी केले आहे.

जतनाची स्थिती काळजीची आहे. ॲसिटेट फिल्मच्या निगेटिव्ह दमट, उष्ण हवेत आकसतात आणि त्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो. तो आला की एका निगेटिव्हमुळे शेजारच्याही बिघडतात. अशा निगेटिव्ह ताबडतोब वेगळ्या काढून स्कॅन कराव्यात आणि पाकिटावर नाटक, प्रयोगाची तारीख, नाट्यगृह व नटांची नावे लिहावीत.