कोब्याचा रंग उडत नाही

इंदूरला रामबागेत आत्याच्या घरी सकाळी बाई फरशी पुसून गेली, की पाचेक मिनिटं हॉल लालबुंद दिसतो. मग पंख्याखाली पाणी वाळत जातं, लाल रंग कडेकडेने मागे सरतो आणि पुन्हा तीच राखट, दुधाळ जमीन उरते. घर 1958 सालचं, कोबाही, म्हणजे लाल सिमेंटची घोटलेली जमीनही, तेव्हाचीच. गेल्या दिवाळीपासून तो उखडून टाइल्स बसवायचं आत्याच्या मनात आहे. "रंग उडाला रे सगळा," ती म्हणते. "उडाला असेल, तर पुसल्यावर रोज परत कुठून येतो?" असं मी विचारलं, तेव्हा तिने पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकवली. म्हणजे विषय बंद. तो इथे उघडतो.

कोब्यातला लाल रंग म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, हेमॅटाइट. लोखंडाचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन. गेरूला लाली येते तीही याच्यामुळेच. कापडाचे बहुतेक रंग उन्हात विटतात, कारण ते कार्बनच्या रेणूंचे बनलेले असतात आणि अतिनील किरण त्या रेणूंमधले बंध तोडतात. हेमॅटाइटमध्ये ऊन तोडू शकेल असं काही नाही. ऑक्सिजन घेत घेत लोखंड जिथवर जाऊ शकतं, तिथवर ते आधीच गेलेलं असतं. गंजाला पुन्हा गंज चढत नाही. ताज्या सिमेंटचा पीएच 12 ते 13 असतो, म्हणजे तीव्र अल्क, गवंड्याच्या बोटांची सालं काढणारं. त्यातही हेमॅटाइट तसंच राहतं. प्रशियन ब्लू हा देखणा निळा रंग मात्र तिथे विघटित होतो आणि मागे तपकिरी डाग ठेवतो. जुन्या घरांत लाल, काळे, हिरवे कोबे दिसतात आणि निळा शोधावा लागतो, त्याचं हे एक कारण.

रंगाच्या टिकाऊपणाचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर, म्हणजे माळव्यातल्या मराठी घरांतले हरिभाऊ, 1957 साली रेल्वेने जात असताना त्यांना भोपाळच्या दक्षिणेला डोंगरातले विचित्र आकाराचे खडक दिसले. ते शोधत तिथे गेले आणि भीमबेटकाची चित्रं जगापुढे आली. त्या चित्रांतला लाल रंग हेमॅटाइटचाच आहे. हजारो वर्षं जो दगडावर टिकला, तो आत्याच्या हॉलमध्ये साठ-सत्तर वर्षांत उडणार नाही.

मग गेलं काय? गुळगुळीतपणा गेला.

नवा कोबा कारीगराने थापीने घोटघोटून काचेसारखा केलेला असतो. त्यावर पडलेला प्रकाश थोडा आरशासारखा परावर्तित होतो, बाकीचा आत शिरतो, लाल कणांना भेटून लाल होऊन बाहेर येतो. पुढे कित्येक वर्षांची पावलं, सरकवलेल्या खुर्च्या आणि चपलांखालची रेती पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म खड्डे पाडतात. त्या खड्ड्यांत हवा असते. एखादं माध्यम प्रकाशाला किती वळवतं, त्याचं माप म्हणजे अपवर्तनांक. हवेचा 1, सिमेंटच्या पदार्थांचा दीडच्या थोडा वर. दोन माध्यमांतला हा फरक जितका मोठा, तितका सीमेवर प्रकाश जास्त विखुरतो. त्यामुळे बराच प्रकाश लाल कणांपर्यंत पोचायच्या आधीच पांढराच्या पांढरा माघारी फिरतो आणि लालावर पिठासारखी झाक येते. पाण्याचा अपवर्तनांक 1.33. खड्ड्यांत पाणी भरलं की तो फरक निम्म्याहून कमी होतो, प्रकाश आत जातो, रंग दिसतो. घामाने भिजलेला सदरा गडद दिसतो तोही याच हिशेबाने.

दुसरा गुन्हेगार चुना. सिमेंट पाण्याशी मिसळलं की मुख्यतः दोन पदार्थ तयार होतात. एक खरा चिकटवणारा, कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला विरवलेला चुना, गोठलेल्या सिमेंटचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा. जमिनीतल्या ओलीबरोबर हा चुना वर येतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो. थोडक्यात, खडू. लाल जमिनीवर खडूचा पातळ हात फिरला, की ती विटल्यासारखी दिसणारच. त्यात नर्मदेचं पाणी प्यायला ठेवून फरशी बोरिंगच्या जड पाण्याने पुसायची आपल्याकडची रीत. प्रत्येक पुसण्याबरोबर थोडे क्षार मागे राहतात.

तेव्हा उखडण्याआधी जमीन ओली करून बघावी. ओली असताना रंग एकसारखा उमटत असेल, तर नवा थर नको. घासाई आणि मुरवण पुरे. किल्लीने ओरखडा काढावा, भुकटी निघाली तर वरचा थर मऊ झालाय. नाण्याने ठोकत जावं, जिथे भद्द आवाज येईल तिथे खालची पकड सुटली आहे. पाण्याचा थेंब टाकावा. तो मोत्यासारखा उभा राहिला, तर जुनं मेण किंवा तेल मुरलेलं आहे आणि ते काढल्याशिवाय वरून लावलेलं काहीही आत जाणार नाही.

घासाई हिऱ्याच्या चकत्यांच्या मशीनने करायची, आणि ओलीच. कोरड्या घासाईत उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात एकदा बसली की निघत नाही, म्हणून कारीगराला चांगला मास्क द्यायचा आणि खिडकी उघडी ठेवायची. ॲसिड ओतून साफ करायचा सल्ला बाजारात सर्रास मिळतो. मी तो घेत नाही. ॲसिड खडू खातं खरं, पण खडूपाशी न थांबता कोब्याला धरून ठेवणारं सिमेंटही खातं आणि पिवळट डाग सोडून जातं. घासल्यावर सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचं पातळ द्रावण मुरवतात. ते आतल्या चुन्याला भेटतं आणि त्याचं पुन्हा कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट होतं. जो चुना वर येऊन रंग झाकणार होता, तोच छिद्रं बुजवायच्या कामी लागतो! वरचा चुना मात्र आधीच खडू झालेला असतो, त्याच्याशी सिलिकेटचं जमत नाही. म्हणून घासाई आधी. शेवटी सीलरचा पातळ हात: तो खड्ड्यांत बसतो, वाळून उडून जात नाही, आणि सकाळची ती पाच मिनिटं दिवसभर टिकतात.

आता नवा थर. इथे आमचा ओटला आठवतो. काही वर्षांपूर्वी एका मिस्त्रीने मेच्या उन्हात जुन्या कोरड्या ओटल्यावर जेमतेम पाच मिलिमीटरचा लाल सिमेंटचा हात फिरवला. दोन दिवस झकास दिसला. पावसाळ्याआधी त्याच्या कडा वर वळल्या आणि पापडासारखे तुकडे हातात येऊ लागले. मिस्त्री म्हणाला, सिमेंट खराब होतं. सिमेंट बिचारं उपाशी मेलं होतं. खालचा कोरडा कोबा पाणी शोषत होता, वरून ऊन शोषत होतं, आणि सिमेंटला गोठायला पाणी उरलंच नाही. शिवाय थर वाळताना वरची बाजू आधी आकसते, कडा वर ओढल्या जातात. इतक्या पातळ थराची पकड त्या ओढीपुढे टिकत नाही.

साधा सिमेंट काँक्रीटचा कोबा म्हणूनच 40 मिलिमीटरच्या आसपास जाड घालतात. दोन-तीन मिलिमीटरचा थर हवाच असेल, तर ॲक्रिलिक मिसळलेलं तयार मिश्रण घ्यावं. जुनी जमीन टाचे मारून खरखरीत करायची, रात्रभर भिजवायची, सकाळी वर साचलेलं पाणी टिपून घ्यायचं. जमीन आतून तृप्त, वरून कोरडी. त्यावर सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट, आणि ती ओली असतानाच माल. पाणी हात राखून घालायचं. 50 किलोच्या पोत्यातलं सिमेंट रासायनिक बंधनात साधारण साडेअकरा लिटर पाणी धरतं. काम करता यावं म्हणून त्याहून जास्त लागतंच, पण पोत्याला 30 लिटर ओतलं, तर जादा पाणी उडून जाताना छिद्रं ठेवतं, आणि काही पाणी वर तरंगून पृष्ठभाग कमजोर करतं. पुढे झाडू मारला की जी भुकटी निघते, ती तिथली.

रंग सिमेंटच्या वजनाच्या सुमारे 5 टक्के, म्हणजे पोत्याला अडीच किलो. 10 टक्क्यांच्या वर आजचे जाणकार जाऊ देत नाहीत. रंगाचे कण सिमेंटपेक्षा कितीतरी बारीक. ते जास्त झाले की पाणी जास्त मागतात आणि लाली फारशी वाढत नाही. तराजूने मोजावं, तगारीच्या अंदाजाने नाही. आधी वाटीएवढ्या वड्या पाडाव्यात, 3, 5 आणि 7 टक्क्यांच्या, आणि त्या दोन-तीन आठवडे वाळू द्याव्यात. ओल्या मालाचा रंग बघून निर्णय घेणाऱ्याची फसगत ठरलेली. का, ते वर आलंच आहे. माल घातल्यावर निदान सात दिवस तराई, म्हणजे पाणी मारून तो ओला ठेवायचा. या कामात आत्यासारखं माणूस घरात असावं, दुपारी तिसऱ्यांदा पाणी मारायला ती विसरत नाही.

राहिली हॉलमधली भेग. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यातल्या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि निघतं. घराचा पाया उथळ असेल, तर जमीनही तिच्याबरोबर हलते. अशी हलती भेग कडक सिमेंटने भरली, तर ती शेजारी उघडते. म्हणून मेच्या अखेरीस मी भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने बारीक खुणा केल्या आणि अंतर मोजून कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. ऑगस्टमध्ये पुन्हा मोजणार. अंतर बदललं असेल तर लवचीक मसाला, नसेल तर सिमेंट. तोवर त्या खुणा फरशी पुसताना जाऊ नयेत म्हणून आत्याने त्यांच्यावर पाट ठेवला आहे, आणि टाइल्सवाल्याला श्रावणानंतर ये म्हणून सांगितलं आहे.