नेतृत्व व व्यवस्थापन प्रशिक्षणासाठी शासकीय अधिकाऱ्यांनी नाव कसे पाठवावे: पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

शाखा किंवा कार्यालय सांभाळणाऱ्या राज्य शासनाच्या अधिकाऱ्याला नेतृत्व आणि व्यवस्थापनाचे प्रशिक्षण घ्यावयाचे असेल, तर पुण्याच्या यशदाच्या, म्हणजे यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनीच्या, शासकीय सत्रांसाठी सहसा वैयक्तिक अर्ज चालत नाही. विभागाने केलेले नामनिर्देशन लागते. त्यामुळे परिपत्रक येण्याची वाट न पाहता, प्रशिक्षणाच्या वार्षिक वेळापत्रकातील योग्य सत्र शोधून आपली इच्छा कार्यालयप्रमुखांना लेखी कळवणे हेच खरे पहिले पाऊल आहे.

कोणत्या संवर्गातील व कोणत्या स्तरावरील अधिकारी पात्र आहेत, हे त्या त्या सत्राच्या परिपत्रकात दिलेले असते. राज्य प्रशिक्षण धोरण २०११ पासून लागू असून, प्रशिक्षण ही कर्मचाऱ्यावरची मेहेरबानी नसून सेवेचाच भाग आहे, अशी त्यामागची भूमिका आहे. विनंती करताना संकोच वाटणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

विनंतीपत्रात पदनाम, संवर्ग, सध्याच्या पदावर रुजू झाल्याचा दिनांक, सेवानिवृत्तीचा दिनांक आणि यापूर्वी घेतलेल्या प्रशिक्षणांचा तपशील द्यावा. सध्याच्या कामाशी या विषयाचा संबंध काय, हे दोन-तीन वाक्यांत नेमकेपणाने लिहावे. शिफारस करणाऱ्या वरिष्ठांना त्याचाच आधार मिळतो. आपल्या अनुपस्थितीत कार्यभार कोण सांभाळणार, याचा प्रस्ताव सोबत जोडल्यास बरे, कारण अनेकदा नामनिर्देशन मंजूर होऊनही कार्यमुक्तीचा आदेश वेळेवर निघत नाही आणि जागा वाया जाते. निवड झाल्यावर नामनिर्देशनाचे पत्र, कार्यमुक्तीचा आदेश आणि कार्यालयाचे ओळखपत्र घेऊन संस्थेत हजर व्हावे.

ज्यांना कार्यालय सोडणे शक्य नाही, त्यांच्यासाठी आयगॉट कर्मयोगी हे ऑनलाइन व्यासपीठ आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या मिशन कर्मयोगीचा, म्हणजे शासकीय कर्मचाऱ्यांच्या क्षमताविकासाच्या कार्यक्रमाचा, ते भाग असून राज्यांच्या कर्मचाऱ्यांनाही तेथे नोंदणी करता येते. भ्रमणध्वनी क्रमांक व ईमेल यांची ओटीपीद्वारे पडताळणी करून आपली संस्था, म्हणजे आपण काम करतो तो विभाग, निवडावी लागते, आणि ती निवडताना विशेष काळजी घ्यावी. मिळत्याजुळत्या नावाचा दुसराच विभाग निवडला गेला, तर आपली माहिती आपल्या विभागाच्या समन्वयकाकडे पोहोचत नाही आणि प्रोफाइलची मान्यता रखडते. संघबांधणी, संवाद, वेळेचे नियोजन अशा विषयांचे अभ्यासक्रम येथे आपल्या सवडीने पूर्ण करता येतात.

प्रशिक्षण संपल्यावर परतीच्या रुजू अहवालासोबत प्रमाणपत्राची प्रत आस्थापना शाखेकडे द्यावी, सेवापुस्तकात नोंद घेण्याची लेखी विनंती करावी आणि तिची पोच जपून ठेवावी. प्रवास भत्त्याच्या देयकालाही उपस्थितीचा दाखला लागतो, म्हणून तो संस्थेतून निघण्यापूर्वीच मागून घ्यावा.