गल्गाँग होल्टरमन वस्तुसंग्रहालय

गल्गाँग होल्टरमन वस्तुसंग्रहालय : ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील गल्गाँग या जुन्या सुवर्णक्षेत्री गावात स्थानिक रहिवाशांनी उभारलेले छायाचित्रांचे वस्तुसंग्रहालय. गल्गाँग सिडनीच्या वायव्येस सुमारे ३०० किमी.वर, मजी या शहराजवळ, विरॅजुरी या मूळ रहिवाशांच्या प्रदेशात वसलेले आहे. १८७० मध्ये टॉम सॉन्डर्स याला तेथील रेड हिल या टेकडीवर सोने सापडले आणि दोन-तीन वर्षांतच खाणकऱ्यांची वस्ती काही हजारांवर गेली. सोन्याचा ओघ आटल्यावर गाव लहान झाले. मात्र मूळचे अरुंद रस्ते व लाकडी दुकाने बऱ्याच अंशी टिकून राहिली.

वस्तुसंग्रहालय २०१९ मध्ये खुले झाले. मेन स्ट्रीटवरील ‘ग्रेटेस्ट वंडर ऑफ द वर्ल्ड’ आणि ‘अमेरिकन टोबॅको वेअरहाउस’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन लगतच्या जुन्या दुकानांत ते आहे. या इमारती साधारणपणे १८७० च्या दशकाच्या आरंभीच्या मानल्या जातात व राज्याच्या वारसा यादीत त्यांची नोंद आहे. येथे ‘होल्टरमन संग्रहा’तील १८७० च्या दशकातील जी छायाचित्रे दाखवली जातात, त्यांच्यात ही दुकानेही आहेत. त्यांच्या मूळ काचपट्ट्या (काचेवर टिपलेली ऋणचित्रे) मात्र सिडनीच्या राज्य ग्रंथालयात आहेत. गल्गाँगमध्ये त्यांच्यावरून केलेल्या मोठ्या प्रती पाहावयास मिळतात. संग्रह राज्याच्या राजधानीत आणि त्याचा विषय गावात, अशी ही विभागणी असली, तरी प्रतिमा व वास्तू एकाच ठिकाणी पडताळून पाहता येणे हेच या संस्थेचे खरे वैशिष्ट्य होय.

संग्रहाला नाव देणारा बर्नहार्ड ओटो होल्टरमन (१८३८–८५) हा हॅम्बर्गहून १८५८ मध्ये ऑस्ट्रेलियात आलेला खाणमालक. न्यू साउथ वेल्समधीलच हिल एंड येथील ‘स्टार ऑफ होप’ खाणीत १९ ऑक्टोबर १८७२ रोजी सापडलेल्या सुमारे २८६ किग्रॅ. वजनाच्या व जवळजवळ दीड मीटर उंचीच्या सोनेयुक्त खंडाने तो श्रीमंत झाला. या खंडाला लोकव्यवहारात ‘नगेट’ म्हणतात. वस्तुतः तो सोन्याचा सुटा गोळा नसून गारगोटी व पाटीच्या दगडात रुतलेल्या सोन्याचा तुकडा होता. त्यातील सोन्याचे अंदाज ३,००० ते ५,००० औंस असे वेगवेगळे दिले जातात. खंड फोडून सोने काढून घेण्यात आल्याने हे अंदाज आता तपासता येत नाहीत. कमी आकड्याकडे झुकणे अधिक सुरक्षित वाटते. या खंडावर हात ठेवून उभ्या असलेल्या होल्टरमनचे प्रसिद्ध चित्रही जोडचित्र आहे : त्याची आकृती व खंड यांची वेगवेगळी छायाचित्रे जुळवून ते तयार केलेले आहे.

संग्रहातील छायाचित्रे ब्यूफॉय मर्लिन (१८३०–७३) याच्या ‘अमेरिकन अँड ऑस्ट्रलेशियन फोटोग्राफिक कंपनी’ने घेतली. गावातील प्रत्येक घर व दुकान टिपायचे आणि दारात उभ्या असलेल्या मालकालाच त्याची प्रत विकायची, असा या कंपनीचा व्यवसाय होता. गल्गाँगची बरीचशी चित्रे १८७२ च्या सुमारासची असावीत. पुढे न्यू साउथ वेल्स या तत्कालीन ब्रिटिश वसाहतीची जाहिरात परदेशी करण्यासाठी होल्टरमनने मर्लिनला हाताशी धरले. १८७३ मध्ये मर्लिन वारला व त्याचा सहायक चार्ल्स बेलिस (१८५०–९७) याने काम पुढे चालवले. चित्रे कंपनीच्या नावाने निघाल्यामुळे कोणते चित्र कोणी घेतले हे ठरवणे कठीण जाते. जुन्या लेखनात बहुतेक श्रेय मर्लिनला मिळे. मर्लिनच्या मृत्यूनंतरच्या कामाबाबत मात्र बेलिसचे श्रेय आता सर्वमान्य झाले आहे. १८७५ मध्ये होल्टरमनच्या उत्तर सिडनीतील मनोऱ्यावरून काढलेल्या, सुमारे १.६ × ०.९ मी. आकारापर्यंतच्या सिडनी बंदराच्या काचपट्ट्याही या संग्रहात येतात. त्यांचा युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत २०१७ मध्ये समावेश झाला.

चित्रणासाठी ओल्या कलोडियनची पद्धत वापरली जाई. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये ती प्रसिद्ध केली. ईथर व अल्कोहोल यांत विरघळवलेला बंदुकी कापूस (नायट्रिक अम्लाची प्रक्रिया केलेला कापूस) म्हणजेच कलोडियन, त्यात आयोडाइड क्षार मिसळून, स्वच्छ काचेवर ओतला जाई. मग काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवावी लागे व थर सुकण्यापूर्वीच तिचे विकसन (रसायनाने प्रतिमा उमटवणे) उरकावे लागे. एवढी सारी कामे दहा-पंधरा मिनिटांत आटोपायची असल्याने अंधारखोली घोडागाडीवर बरोबर नेली जाई. हा थर मुख्यतः निळ्या प्रकाशाला संवेदनशील असल्यामुळे आकाश कोरे पांढरे उमटते, तर पिवळा व तांबडा रंग गडद दिसतो. काचेवर प्रकाश पडू देण्याचा अवधी काही सेकंदांचा असे. त्यामुळे दारातील माणसे ताठ उभी दिसतात आणि पायाशी हललेला कुत्रा धूसर पट्टा होऊन राहतो. याउलट स्थिर वस्तूंचा तपशील इतका बारीक उतरला आहे की, काचपट्ट्यांच्या उच्च दर्जाच्या अंकीय प्रतींत दुकानांच्या पाट्या व खिडक्यांतील जाहिराती वाचता येतात.

सुमारे ३,५०० काचपट्ट्या सिडनीच्या चॅट्सवुड उपनगरातील एका बागेतील खोपटात दीर्घकाळ पडून होत्या. छायाचित्र-नियतकालिकाचे संपादक कीस्ट बर्क यांनी १९५१ मध्ये त्यांचा छडा लावला आणि पुढील वर्षी होल्टरमनच्या नातवाने त्या राज्य ग्रंथालयाचा भाग असलेल्या मिचेल ग्रंथालयाला दिल्या. १९६६ च्या दहा डॉलरच्या नोटेवर कवी हेन्री लॉसनच्या मागे गल्गाँगची जी दृश्ये छापली होती, ती याच संग्रहावरून घेतलेली होत. त्यामुळे गावाची ओळख देशभर झाली.

दुकाने मिळवणे, निधी जमवणे व दालने मांडणे यांचा भार स्थानिक स्वयंसेवकांनी उचलला आणि दैनंदिन व्यवस्थाही तेच पाहतात. गावात पायनियर्स म्युझियम व लॉसनविषयक केंद्र ही निराळी संग्रहालये असून तीही मुख्यतः रहिवाशांच्या श्रमावर चालतात.