बेस गिटारचा अ‍ॅम्प घेताना आधी कॅब बघा

दीड-दोन किलोचं, एका हातात मावणारं हेड, म्हणजे स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प, आणि त्यावर ठळक छापलेलं '५०० वॉट'. बेस अ‍ॅम्प घ्यायला गेलेल्या माणसाची नजर आधी तिथेच जाते. १९६९ साली आलेल्या अँपेग एसव्हीटी या व्हॉल्व्हच्या हेडची ताकद होती ३०० वॉट आणि वजन ३५ किलोच्या वर. त्याच्यासोबतची आठ दहा-इंची स्पीकरची पेटी तर त्याहूनही जड. आज ते हेड पाठीवरच्या पिशवीत मावेल इतकं झालं आहे. पेटी मात्र त्या प्रमाणात लहान झालेली नाही आणि होणारही नाही. म्हणून खरेदीचा क्रम उलटा ठेवावा: आधी स्पीकरची पेटी, म्हणजे कॅब, ठरवायची आणि मग तिला जोडीचं हेड शोधायचं.

हेड लहान का झालं, ते थोडक्यात. जुन्या अ‍ॅम्पमधला जड ट्रान्सफॉर्मर सेकंदाला ५० वेळा दिशा बदलणाऱ्या विजेवर चालायचा, त्यासाठी लोखंडाचा मोठा गाभा लागायचा. आता तीच वीज आधी डीसी करून सेकंदाला लाखाच्या आसपास वेळा चालू-बंद केली जाते. कंप्रता वाढली की तेवढ्याच ताकदीला मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. दुसरा बदल म्हणजे क्लास डी नावाची अ‍ॅम्पची रचना. यात आउटपुटचे ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू असतात, नाहीतर पूर्ण बंद. मधल्या अवस्थेत वाया जाणारी उष्णता वाचते, त्यामुळे भल्यामोठ्या हीटसिंकची गरज उरत नाही. आवाजात नाव ठेवण्यासारखं फार काही नाही. खोट आहे ती दुरुस्तीत. बारीक भागांचा दाट बोर्ड गल्लीतला मेकॅनिक सहसा हातात घेत नाही, अख्खं मॉड्यूलच बदलावं लागतं. तेव्हा त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात किंवा निदान जवळपास आहे का, ते पैसे देण्याआधी विचारून घ्या.

आता मुख्य मुद्दा, हवा हलवण्याचा. चार तारांच्या बेसवरची सगळ्यात जाड, ईची मोकळी तार ४१ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४१ कंपांनी, वाजते. पाच तारांच्या बेसवरची बी आणखी खाली, ३१ हर्ट्झवर. इतका खालचा सूर मोठ्याने ऐकवायचा तर स्पीकरच्या कोनने हवा भरपूर ढकलली पाहिजे. किती ढकलता येईल हे दोन गोष्टींवर ठरतं: कोनचं क्षेत्रफळ, आणि तो आवाज न फाटता पुढे-मागे किती सरकू शकतो. बारा-इंची स्पीकरचं कामाचं क्षेत्रफळ साधारण ५२० चौरस सेंटिमीटर असतं. तो एका बाजूला ५ मिलिमीटर सरकतो असं धरलं तर एका धक्क्यात २६० घन सेंटिमीटर हवा हलते, म्हणजे चहाच्या दोन-तीन कपांएवढी. बंद पेटीतला असा एक स्पीकर जमिनीवर ठेवला, तर १ मीटरवर ४१ हर्ट्झला मिळणारी कमाल पातळी हिशेबाने सुमारे १०१ डेसिबल येते. कोनचं सरकणं संपलं की तिथे खेळ संपला. हेड ३०० वॉटचं असो की १००० चं, त्या सुरात भर पडत नाही, फक्त फाटका आवाज वाढतो.

१०१ डेसिबल ऐकायला दणदणीत वाटतात, पण आपला कान खालच्या सुरांना मंद आहे. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच ४० हर्ट्झचा सूर मोठा वाटायला ८२-८३ डेसिबल लागतात. मग एका बारा-इंचीवर लोक बेस वाजवतात तरी कसे? कारण तार फक्त ४१ वर वाजत नाही. तिच्यात ८२, १२३, १६४ हर्ट्झचे उपस्वरही असतात आणि मूळ स्वर क्षीण असला तरी त्यांच्यातल्या समान अंतरावरून मेंदू '४१' ओळखतो. वर कोनला तेवढंच सरकवून ८२ हर्ट्झवर पातळी १२ डेसिबलने वाढते, म्हणजे ११३ पर्यंत जाते. बेस अ‍ॅम्पचा भरदार आवाज प्रत्यक्षात या ८० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. म्हणूनच जाहिरातीतल्या '३० हर्ट्झपर्यंत' या दाव्यावर भाळण्यात अर्थ नाही. त्या आकड्यापुढे 'उणे ३ डेसिबल' की 'उणे १० डेसिबल' (म्हणजे त्या सुरावर आवाज किती घटलेला आहे) हे लिहिलेलं नसेल, तर तो आकडा नुसता शोभेचा.

लहान पेटी, खोल बेस आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. स्पीकर बनवणाऱ्यांत हा हॉफमनचा लोखंडी नियम म्हणून ओळखला जातो. अमेरिकेतल्या केएलएच कंपनीच्या नावातला 'एच' तो हाच हॉफमन. तीनपैकी कोणत्याही दोन निवडा, तिसऱ्यावर पाणी सोडा. चिमुकल्या कॅबमधून खालचा सूर बरा येत असेल, तर तिची संवेदनशीलता कमी असणार हे धरून चाला.

संवेदनशीलता म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात तो आकडा, आणि कॅबच्या माहितीपत्रकात सगळ्यात आधी तो शोधावा. वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॉट दहापट करावे लागतात. ३०० वॉटवरून ५०० वर जाण्याने मिळतात जेमतेम २.२ डेसिबल. उलट ९४ डेसिबलच्या कॅबऐवजी १०० डेसिबलची कॅब घेतली तर ६ डेसिबल वाढतात, म्हणजे वॉट चौपट केल्यासारखं. ९४ च्या कॅबला ५०० वॉट द्यावे लागतात तिथे १०० च्या कॅबला १२५ पुरतात. एक सावधगिरी: हा आकडा मधल्या सुरांवरून काढलेला असतो, खालच्या सुरांबद्दल तो गप्पच असतो.

दहा-इंची स्पीकर चपळ आणि पंधरा-इंची खोल, ही समजूत काही केल्या जात नाही. एका पंधरा-इंचीचं क्षेत्रफळ ८५० चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतं, चार दहा-इंचींचं मिळून जवळपास १४००. चार दहा-इंची सहज जास्त हवा हलवतात. खोली ठरते ती पेटीचे लिटर, पोर्ट, म्हणजे पेटीतलं हवेचं भोक, किती हर्ट्झवर जुळवला आहे आणि कोन किती सरकतो यावर. नुसत्या इंचांवरून काही सांगता येत नाही. रिक्षात घालून न्यायचं असेल तर हलक्या निओडिमियम चुंबकाचा बारा-इंची एक स्पीकर असलेली, १३ ते १६ किलोची कॅब हा सध्याचा सगळ्यात शहाणा पर्याय. असल्या दोन कॅब एकेका हातात उचलून जिना चढता येतो. जुन्या, जड फेराइट चुंबकाच्या चार-दहा (म्हणजे चार दहा-इंची स्पीकरच्या) कॅबला ते सुख नाही.

एक की दोन, हे काम बघून ठरवा. ऑर्केस्ट्रात किंवा गोव्याच्या लग्नातल्या बँडमध्ये बेस डीआयमधून, म्हणजे हेडच्या मिक्सरसाठीच्या आउटपुटमधून, थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला जात असेल, तर स्टेजवरची कॅब फक्त वाजवणाऱ्याला आणि ड्रमरला ऐकू यायला असते, एक बारा-इंची पुरते. लहान हॉलमध्ये बेस पीएमध्ये, म्हणजे श्रोत्यांसाठीच्या मोठ्या स्पीकरमध्ये, जाणारच नसेल आणि ड्रमरचा हात जड असेल, तर दोन हव्यातच.

इथे ओहमचा, म्हणजे कॅबच्या विद्युत रोधाचा, हिशेब येतो, आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. कॅबच्या मागे दोन सॉकेट असतात. हेडमधून एका कॅबला आणि तिच्यातून दुसरीला केबल नेली तर ती जोडणी सीरिज वाटते, पण आत सगळं पॅरलल असतं. दोन ८ ओहमच्या कॅब मिळून ४ ओहम. ८ आणि ४ मिळून २.६७. दोन ४ च्या मिळून २. सूत्र साधं आहे: गुणाकार भागिले बेरीज. बहुतेक छोट्या हेडना किमान ४ ओहम चालतात, काहींना २.६७. त्याखाली गेलात की करंट मर्यादेबाहेर जातो, हेड तापतं आणि ऐन गाण्यात प्रोटेक्शनमध्ये जाऊन मुकं होतं. म्हणून पहिली कॅब ८ ओहमची घ्या. एकट्या ८ ओहमवर ५०० वॉटचं हेड अंदाजे ३०० वॉट देतं, पण नुकसान किती ते वर पाहिलंच, सव्वादोन डेसिबलही नाही. दुसरी कॅब जोडली की हेड पूर्ण ताकदीने चालतं आणि हवा हलवणारं क्षेत्रफळही दुप्पट होतं. दोन्ही मिळून जास्तीत जास्त ५ डेसिबलपर्यंत फायदा होतो. आज पूर्ण वॉट मिळावेत म्हणून एकच ४ ओहमची कॅब घेतली, तर बहुतेक हेडबरोबर पुढे दुसरी जोडायचा रस्ता बंद होतो.

दुसरी कॅब पहिलीसारखीच, त्याच कंपनीची आणि त्याच मॉडेलची असावी. 'दहा-इंची अन् पंधरा-इंची मिळून सगळे सूर येतील' असं म्हणून भलतीच जोडी लावली, तर दोन्हींचे पोर्ट वेगवेगळ्या हर्ट्झवर जुळवलेले असतात. काही सुरांवर एकीचा कोन पुढे येताना दुसरीचा मागे जातो आणि नेमका तोच सूर गायब होतो. शिवाय चार-दहा आणि एक-पंधरा, दोन्ही ८ ओहमच्या असतील तर ताकद निम्मी-निम्मी वाटली जाते. एकट्या पंधरा-इंचीवर अर्धा भार आणि प्रत्येक दहा-इंचीवर आठवा हिस्सा, त्यामुळे पंधरा-इंची आधी हात टेकतो.

दोन कॅब एकावर एक ठेवा, शेजारी-शेजारी नको. आडव्या ठेवलेल्या दोन स्पीकरचा आवाज वरच्या सुरांत डावी-उजवीकडे पोचताना एकमेकांना खातो, आणि गिटारवाला तीन पावलं बाजूला सरकला की त्याला बेस गढूळ ऐकू येतो. उभ्या रचनेत हा तोटा वर-खाली जातो, तिथे श्रोते नसतात. वरचा स्पीकर कानाच्या जवळ येतो हा वेगळा फायदा. दोन-दहाची एकच कॅब असेल तर तीही उभी करून बघा.

पाठीमागच्या भिंतीचाही विचार करा. कोन भिंतीपासून १ मीटरवर असला तर परतून येणारा आवाज ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाज खोडतो, आणि ईच्या तारेचा ८२ चा उपस्वर नेमका तिथेच आहे. मग 'हॉलच खराब' असं म्हणून खालचे सूर वाढवणारा लो नॉब उजवीकडे फिरवला जातो. कॅब भिंतीला जवळजवळ टेकवली की ही खोड २०० हर्ट्झच्या वर सरकते आणि खालचा दणका परत येतो. पोर्ट मागच्या बाजूला असेल तर वीतभर जागा सोडा.

त्या लो नॉबबद्दल आणखी एक हिशेब. १२ डेसिबल बूस्ट म्हणजे त्या पट्ट्यात १६ पट ताकद. आधी ३० वॉटवर आरामात चाललेलं हेड त्या क्षणी ४८० वॉट ओकत असतं. पोर्टवाल्या पेटीत जुळवलेल्या कंप्रतेच्या खाली कोनला आतल्या हवेचा आधार राहत नाही, तो मोकाट सुटतो. खटखट असा कोरडा आवाज आला तर कॉइल, म्हणजे कोन हलवणारं तारेचं वेटोळं, मागच्या पत्र्याला आपटते आहे, आवाज ताबडतोब कमी करा. स्पीकरवर लिहिलेले ३०० वॉट ही कॉइल जळण्याची मर्यादा असते. खालच्या सुरांत कोनचं सरकणं त्याच्या कितीतरी आधी संपू शकतं. ३०-४० हर्ट्झखालचं कापणारा हाय-पास फिल्टर हेडमध्ये असेल तर उत्तम, नसेल तर तो पेडल म्हणून वेगळा मिळतो. वॉट वाढवण्यापेक्षा तो घेणं स्वस्तात पडतं आणि आवाजही मोकळा होतो.

केबल स्पीकरचीच हवी, १.५ ते २.५ चौरस मिलिमीटरच्या दोन तारांची, दोन्ही टोकांना स्पीकॉन, म्हणजे फिरवून घट्ट बसणारा स्पीकरचा प्लग. गिटारची केबल काही हेडवरच्या साध्या जॅकमध्येही बसते म्हणून लावली तर आतली केसासारखी बारीक तार तापते. क्लास डीच्या अनेक हेडमध्ये आउटपुटच्या दोन्ही तारा जिवंत असतात, त्यातली एकही अर्थिंगची (जमिनीला जोडलेली) नसते. तिथे मिक्सरला जाणारी लाइन किंवा हेडफोन जोडला की हेड गेलंच म्हणून समजा.

अमेरिकेतून नातेवाइकांकरवी हेड मागवणार असाल तर मागच्या पट्टीवर १००–२४० व्होल्ट लिहिलं आहे का ते आधी फोटोत बघा. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० वर ते एका क्षणात जातं. व्होल्टेज बदलायचं बटण असेल तर त्यासोबत फ्यूजही बदलावा लागतो, २३० वर करंट निम्मा म्हणून फ्यूजही निम्म्या अँपिअरचा.

जुनी कॅब घेताना खिशात मल्टिमीटर आणि दीड व्होल्टचा एक सेल ठेवा. ८ ओहमची कॅब मीटरवर साडेपाच ते साडेसहा दाखवते, ४ ओहमची तीन ते साडेतीन, ते बरोबरच आहे. दोन स्पीकरच्या '८ ओहम' कॅबने १२ च्या आसपास दाखवलं तर आतल्या १६-१६ च्या जोडीतला एक मेला आहे. सेलचा अधिक टोक केबलच्या अधिकला क्षणभर टेकवला की कोन बाहेर उसळला पाहिजे. दोन कॅबपैकी एकीचा आत गेला तर आत तारा उलट्या जोडलेल्या आहेत, आणि तशा जोडीत बेस जवळजवळ नाहीसा होतो. शेवटी दोन्ही अंगठे मधल्या टोपीच्या दोन बाजूंना ठेवून कोन हलकेच, सरळ आत दाबा. खरखर जाणवली तर कॉइल घासते आहे. मग पेटीचा भाव स्पीकर वजा करून ठरवा, आणि नवा स्पीकर नुसत्या इंचांवर न घेता त्याचे थील-स्मॉल आकडे (स्पीकरला कशी पेटी लागते ते सांगणारे) त्या पेटीच्या लिटरशी जुळतात का ते दुकानदाराकडून काढून घ्या.