कोकरू कोणाच्या हाती द्यावे?

फ्रान्सचा राजा पहिला जाँ १५ नोव्हेंबर १३१६ रोजी जन्मला आणि अवघ्या पाच दिवसांत मरण पावला. त्याचे वडील दहावे लुई जूनमध्येच वारले होते, त्यामुळे हे मूल जन्मतःच राजा होते, आणि त्याच्यामागून गादीवर आला तो त्याचा काका फिलिप, जो त्याच्या जन्माआधीपासूनच कारभार पाहत होता. या मृत्यूभोवती विषप्रयोगाच्या कहाण्या रचल्या गेल्या. टेंपलर या लढवय्या संन्याशांच्या पंथाचा प्रमुख जाक द मोले याला १३१४ मध्ये जिवंत जाळले तेव्हा त्याने दिलेला शाप राजघराण्याला भोवला, ही कथा तर आजही मोठ्या चवीने सांगितली जाते. शापाची गरज मुळात नाही. ह्यू कापे ९८७ मध्ये राजा झाला तेव्हापासून १३१४ पर्यंत गादी सलग अकरा वेळा बापाकडून मुलाकडे गेली. प्रत्येक पिढीत वारस मुलगा मागे उरण्याची शक्यता दहात नऊ इतकी उदारपणे धरली, तरी सलग अकरा वेळा तसे घडण्याची शक्यता एकतृतीयांशाहून कमी भरते. तेव्हा नवल वाटायला हवे ते वंश खुंटल्याचे नव्हे, तो इतका टिकल्याचे.

काकावरचा संशय मात्र शापासारखा झटकून टाकता येत नाही, कारण त्यामागे खरा प्रश्न आहे. ज्या समाजात लढाई आणि रोगराई यांमुळे बाप अकाली मरत, तिथे जहागिरीचा वारस पुष्कळदा अज्ञान मूलच असे. आणि ते दगावले तर जमीन ज्याला मिळणार, तोच बहुधा त्याचा सर्वांत जवळचा कर्ता नातेवाईक असे. मग मुलाला सांभाळायचे कोणी? तेराव्या शतकातील फ्रेंच रूढिकायद्याने याला दिलेले उत्तर मला मानवी स्वभावाच्या अचूक निरीक्षणाचा नमुना वाटते.

ते उत्तर असे, की जमिनीचा ताबा आणि मुलाच्या देहाचा ताबा वेगवेगळ्या हातांत ठेवायचा. जमिनीच्या ताब्याला ‘बाय’ म्हणत. तो घेणारा नातेवाईक वरिष्ठ सरदारापुढे निष्ठेची शपथ घेई, नजराणा भरी, लष्करी चाकरी बजावी आणि त्या बदल्यात जहागिरीचे उत्पन्न स्वतःचे म्हणून खाई. त्याचा हिशेब त्याला द्यावा लागत नसे, पण मूल सज्ञान होताच जहागीर कर्जमुक्त करून परत करणे त्याच्यावर बंधनकारक होते. मुलाला सांभाळण्याचे काम, म्हणजे ‘गार्द’, दुसऱ्याकडे जाई. तुरेन-आंजू या प्रांतांचा रूढिकायदा कारणही स्पष्ट नोंदवतो: ज्याच्याकडे जमीन परत जायची आहे त्याला मूल देऊ नये, कारण त्याला मुलाच्या जगण्यापेक्षा मरणाची इच्छा अधिक असेल असा संशय राहतो. ज्याला कातडे मिळणार त्याने कोकरू राखू नये, अशी म्हणच त्या कायदेपंडितांमध्ये होती.

ही विभागणी शक्य झाली ती वारशाच्या आणखी एका नियमामुळे. वडिलार्जित जमीन ज्या बाजूने आली त्याच बाजूला परत जाई: बापाकडची बापाच्या नातलगांकडे, आईकडची आईच्या. समजा, मुलाला बापाकडून जहागीर मिळाली आहे. ते मेले तर ती काकाला मिळेल, मामाला कधीच नाही. म्हणून उत्पन्न काकाने घ्यावे आणि मूल मामाने वाढवावे. मामाला त्याच्या मृत्यूतून काहीही लाभत नाही. आईकडून आलेल्या जमिनीच्या बाबतीत हेच नाते उलटे होते, आणि मुलाला दोन्हींकडून जमीन मिळाली असेल तर एकाच मुलासाठी दोन ‘बाय’ आणि तिसऱ्याच कोणाकडे ‘गार्द’, अशीही स्थिती येऊ शकते. आई हयात असेल तर गार्दसाठी तिच्याइतके निर्धोक कोणी नाही, कारण मुलाच्या पितृपरंपरेतील जमिनीची ती वारस ठरतच नाही.

नॉर्मंडीत मात्र दोन्ही ताबे वरिष्ठ सरदाराकडे जात. आई पुन्हा लग्न करील आणि नव्या मुलांच्या लोभापायी पहिल्याचा जीव जाईल, आप्त तर वारशावर टपलेलेच असतात, पण सरदार शपथेने बांधलेला असतो, असे तेथील जुन्या रूढिग्रंथाचे समर्थन आहे. मला ते पटत नाही, कारण वारस अज्ञान असेपर्यंत उत्पन्न त्याच सरदाराच्या घरी जात होते.

सज्ञान होण्याचे वयही प्रांताप्रांतांत वेगळे होते. बोव्हेझीत १२८३ च्या सुमारास कायदेपंडित फिलिप द बोमनुआरने मुलासाठी १५ आणि मुलीसाठी १२ वर्षे नोंदवली आहेत. शांपाञ्ञ प्रांताचा सरदार चौथा तिबो याला मात्र २१ वर्षे थांबावे लागले. १२०१ मध्ये बाप वारल्यावर काही दिवसांनी तो जन्मला आणि त्याची आई ब्लांश हिने, राजाच्या संमतीवाचून पुनर्विवाह न करण्याचे वचन देऊन, १२२२ पर्यंत त्याचा मुलूख राखला. मध्यंतरी चुलत बहीण फिलिपा आणि तिचा नवरा एरार यांच्या दाव्यामुळे तिला युद्धही करावे लागले.

जहागिरीसाठी घडवलेली ही युक्ती फ्रान्सचा राजा पाचवा शार्ल याने १३७४ मध्ये राज्यालाच लावली. राजा चौदाव्या वर्षात पदार्पण करताच सज्ञान मानावा असे ठरवून, तोवरचा कारभार त्याने आपला भाऊ आंजूचा लुई याच्याकडे आणि मुलांचा सांभाळ राणी जान हिच्याकडे सोपवला. पण राणी १३७८ मध्ये वारली, शार्ल १३८० मध्ये गेला, आणि अकरा वर्षांच्या सहाव्या शार्लभोवती काकाच उरले. कायद्याने ठरवलेले वय उलटून गेल्यानंतरही राज्याची सूत्रे त्यांच्याच हाती राहिली. १३८८ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, त्याने त्यांना निरोप दिला.